पिवळ्या रेघेचे दोन मालक

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी चंद्राची सावली महाराष्ट्रावरून तिरपी धावत गेली. अरबी समुद्रावरून ती कोकणच्या किनाऱ्याला लागली, सह्याद्री ओलांडून देशावर आली आणि ईशान्येकडे वऱ्हाड-नागपूरच्या रोखाने निघून गेली. तिच्या वाटेवर जागोजागी दुर्बिणी मांडलेल्या होत्या. विजयदुर्गावर इंग्लंडहून आलेले नॉर्मन लॉकयर होते आणि त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला होते. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही मुक्कामाला होते. वर्ध्याजवळ पुलगावला केंब्रिजचे न्यूअल होते. मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेग चालू होता. तरीही जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी ही मंडळी पेट्याच्या पेट्या भरून साधने घेऊन आली होती.

महाराष्ट्राच्या नकाशावर जेऊर आणि पुलगाव या दोन ठिकाणांना पट्टी लावून रेघ ओढून पाहा. ती बीड जिल्ह्यावरून जाते आणि बीड शहर व केज यांच्या मधून निघते. हा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि इथे कोणी परदेशी पाहुणे आल्याची कथा नाही. पण जे टिपण्यासाठी ते जेऊरला आणि विजयदुर्गाला बसले होते, त्याचा केजच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या रसायनशास्त्राशी अगदी जवळचा संबंध आहे. ग्रहणात सूर्याच्या कडेला जे रंगीत वर्णपट दिसतात, त्यांतल्या एका पिवळ्या रेघेची ही हकीकत आहे. एखादे मूलद्रव्य पाण्यात टाकताच पेट का घेते आणि दुसरे काही केले तरी कशाशीच संयोग का पावत नाही, हा प्रश्न त्या रेघेतून सुटायला मदत झाली.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियमचा दिवसही साजरा होतो. तारीख बरोबर आहे, पण जागा आणि साल यांची गल्लत झालेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले ते १८९८ मध्ये, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे झाली होती. किल्ल्यावर जे घडले ते हेलियमच्या कथेतले शेवटच्या अंकातले दृश्य होते. विजयदुर्गाचे महत्त्व त्याने कमी होत नाही. एका निर्जन किनाऱ्यावर खलाशांना शिकवून तयार करून सूर्याचे वर्णपट टिपणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

१८६८ च्या सावलीची वाट थोडी दक्षिणेकडून होती. पटवर्धनांच्या संस्थानातल्या जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. गुंटूरला फ्रान्सचे झाँसेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट होते, तर मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले की कडेने लालसर ज्वाला दिसतात. त्या कशाच्या बनलेल्या आहेत, हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी प्रथमच वर्णपटदर्शक त्यांच्यावर रोखले गेले आणि उत्तर मिळाले. सलग रंगपट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेघा दिसल्या, म्हणजे ज्वाला तप्त वायूच्या होत्या. हर्शेल यांना जमखंडीत तांबडी, नारिंगी आणि निळी अशा ठळक रेघा दिसल्या. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या होत्या. मधली नारिंगी-पिवळी रेघ त्यांनी ‘डी’ म्हणून, म्हणजे सोडियमची म्हणून नोंदवली. पॉगसन यांनी मात्र ती डीच्या जागी किंवा अगदी जवळ असल्याचे लिहिले. ‘जवळ’ हा शब्द महत्त्वाचा होता, पण त्या घाईत त्याचा पाठपुरावा झाला नाही.

चूक होणे अगदी साहजिक होते. वर्णपटातली पिवळी रेघ म्हणजे सोडियम, हे समीकरण तेव्हा नुकतेच पक्के झाले होते. फ्राउनहोफर यांनी सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेघांना अक्षरे दिली होती आणि पिवळ्या भागातल्या जोडीला ‘डी’ म्हटले होते. किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले की मिठाचा कण ज्योतीत टाकला की नेमक्या त्याच जागी तेजस्वी पिवळा प्रकाश दिसतो. हा प्रयोग आपण वर्गात सहज करू शकतो. स्पिरिटच्या दिव्यात ओल्या तारेवर मीठ धरले की ज्योत भगभगीत पिवळी होते. रस्त्यांवर एलईडी येण्यापूर्वी जे पिवळे दिवे असत, त्यांचाही तोच रंग, कारण त्यांतही सोडियमचीच वाफ असे.

ज्वाला पाहण्यासाठी ग्रहणाचीच वाट पाहायला हवी असे नाही, हे झाँसेन यांच्या लगेच लक्षात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भर उन्हात त्या रेघा पुन्हा पाहिल्या. इकडे लॉकयर यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती योजली आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमधून त्या रेघा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले पदकही काढले. पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर नाही, थोडी सरकलेली आहे, हे मात्र लॉकयर यांनी पकडले. सोडियमच्या दोन रेघांना डी-१ आणि डी-२ म्हणत, म्हणून हिला डी-३ हे नाव पडले. आजच्या मोजमापात सांगायचे तर सोडियमच्या रेघा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर आहेत आणि ही ५८७.६ वर. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. त्या फटीत एक नवे मूलद्रव्य लपलेले होते.

इथे एक मजेदार योग आहे. लॉकयर स्वतः रसायनतज्ज्ञ नव्हते, म्हणून प्रयोगशाळेत त्यांनी एडवर्ड फ्रँकलंड यांची साथ घेतली. संयुजेची कल्पना रसायनशास्त्रात आणली ती याच फ्रँकलंड यांनी. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतर अणूंशी जोडले जाण्याची एक ठरावीक क्षमता असते, हे त्यांनी १८५२ मध्ये मांडले. नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक तीन किंवा पाच जणांशी जोडले जातात, हे त्यांच्या उदाहरणांतले एक. संयुजेचा जनक आणि शून्य संयुजेचा वायू शोधणारा माणूस असे एकाच टेबलावर काम करत होते. लॉकयर यांना डी-३ कोणत्याही ज्ञात पदार्थात सापडेना. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एडिंबरोच्या भाषणात ‘हेलियम’ हे नाव दोघांच्या नावावर जाहीर केले. फ्रँकलंड मात्र नव्या मूलद्रव्याबद्दल साशंकच होते. नावाच्या शेवटचे ‘इअम’ आपण रोज उच्चारतो ते सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम या धातूंच्या नावांत. लॉकयर यांना हेलियमही धातूच वाटला होता. पुढे त्याचे भाऊबंद सापडले त्यांची नावे निऑन, आरगॉन अशी ‘ऑन’ने संपतात. हेलियमचे धातूसारखे नाव तेवढे तसेच राहून गेले.

आता थोडे थांबून त्या दोन शेजाऱ्यांकडे पाहू या. सोडियम हा सर्वांत चटकन अभिक्रिया करणाऱ्या मूलद्रव्यांपैकी एक आहे. प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. हेलियम हा सर्व मूलद्रव्यांत सर्वांत अलिप्त. वर्णपटात मात्र दोघांच्या पिवळ्या रेघा खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. हा शेजार योगायोगाचा आहे, पण शिकवण्याच्या दृष्टीने तो फार सोयीचा आहे.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि तिसऱ्यात एकटा १. हा एकटा बाहेरचा इलेक्ट्रॉन म्हणजे सोडियमचा संयुजा इलेक्ट्रॉन. आतले दहा जण केंद्रकाचे आकर्षण त्याच्यापर्यंत पुरते पोहोचू देत नाहीत, त्यामुळे तो सैल बांधलेला असतो. त्याला अणूतून पूर्ण बाहेर काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या जगातले छोटे माप आहे. तुलनेसाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की पिवळ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. ज्योतीत अणू एकमेकांवर आदळतात तेव्हा काही थोड्या सोडियम अणूंना नेमकी तेवढी ऊर्जा मिळते. बाहेरचा इलेक्ट्रॉन एक पायरी वर उडतो आणि लगेच खाली पडताना ती ऊर्जा पिवळ्या प्रकाशाच्या रूपात परत देतो. म्हणजे मिठाच्या ज्योतीचा रंग आणि पाण्यावर सोडियमने घेतलेला पेट ही दोन्ही त्या एकाच इलेक्ट्रॉनची कामे आहेत. पाठ्यपुस्तकात ज्योत परीक्षा एका प्रकरणात येते आणि संयुजा दुसऱ्यात. दोन्हींत तोच इलेक्ट्रॉन आहे, हे मुलांना सांगायचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

वर्णपटदर्शकाने जी पहिली नवी मूलद्रव्ये सापडली ती कोणती, हेही यावरून समजते. १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम. दोन्ही सोडियमच्याच घरातली, दोन्हींत बाहेर एकच सैल इलेक्ट्रॉन. सीझियमचा तर ३.८९ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच सुटतो. साध्या ज्योतीतही ही मंडळी आपली ओळख सांगून टाकतात.

हेलियमचे अगदी उलट आहे. त्याच्यात दोनच इलेक्ट्रॉन, दोन्ही केंद्रकाला लागून असलेल्या पहिल्या कवचात, आणि ते कवच दोघांतच भरून जाते. मध्ये आडोसा धरणारे कोणी नाही. एक इलेक्ट्रॉन काढायचा तर २४.५९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. एवढी घट्ट पकड दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर नाही. उर्दूत संयुजेसाठी ‘गिरफ्त’ असा शब्द आहे, म्हणजे पकड. आपल्या ‘संयुजा’ शब्दात जोडले जाण्याची कल्पना आहे, त्यात धरून ठेवण्याची. दोन्ही मिळून अर्थ पुरा होतो असे मला वाटते.

पिवळी डी-३ रेघ उमटायची तर हेलियमचा इलेक्ट्रॉन आधी सुमारे २३ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीवर चढावा लागतो आणि तिथून एक पायरी, सुमारे २.१ इतकी, खाली उतरावा लागतो. म्हणजे पिवळा प्रकाश दोघांचाही सारखाच, पण सोडियमची पायरी जमिनीपासून सुरू होते आणि हेलियमची गच्चीवर आहे. स्पिरिटच्या दिव्याने कोणी त्या गच्चीवर पोहोचत नाही. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. तोही पुरा पडत नाही. म्हणून साध्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात सोडियमच्या काळ्या रेघा ठळक दिसतात आणि हेलियमची जवळजवळ उमटतच नाही. पृष्ठभागावरच्या विरळ थरात, कोरोनाकडून येणाऱ्या अतिनील किरणांच्या माऱ्यात, ते जमते. आणि तो थर वेगळा दिसतो तो ग्रहणात, कडेला. हेलियम शोधायला खग्रास ग्रहणासाठी जमखंडी-गुंटूर गाठावे लागले, त्याचे मूळ इथे आहे. ज्या घट्टपणामुळे हेलियम कोणाशी संयोग पावत नाही, त्याच घट्टपणामुळे तो वर्णपटातही लपून राहिला. सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे आणि तरीही.

रसायनतज्ज्ञांना तो हाती लागला नाही, तेही याच कारणाने. त्यांची ओळखण्याची रीतच अभिक्रियांची. आम्ल घाला, तापवा, साका पडतो का पाहा. जो कशालाच प्रतिसाद देत नाही त्याला त्या रीतीने ओळखायचे कसे? हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेतला नायट्रोजन ठिणग्यांनी संपवत नेला तेव्हा शेवटी एक बुडबुडा उरला, मूळ वायूच्या १/१२० पेक्षा अधिक नव्हे एवढा. त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला आणि पुढे शंभरावर वर्षे त्या बुडबुड्याकडे कोणी पाहिले नाही. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ मध्ये तोच वायू वेगळा केला आणि त्याच्या स्वभावावरून नाव दिले आरगॉन, म्हणजे आळशी. फ्लोरीन वेगळा करणारे मोआसाँ यांनी आरगॉनचा नमुना घेऊन फ्लोरीनशी त्याचा संयोग करण्याचा प्रयत्न केला, पण काही घडले नाही.

मग १८९५ च्या मार्चमध्ये रॅम्से यांनी क्लिव्हाइट हे युरेनियमचे खनिज आम्लात तापवून निघणारा वायू तपासला. अमेरिकेच्या हिलब्रँड यांनी असाच वायू आधी पाहिला होता, पण तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता. रॅम्से यांना आरगॉनची अपेक्षा होती. नळीत वीज सोडल्यावर दिसली ती पिवळी रेघ, सोडियमजवळची, पण सोडियमची नव्हे. विल्यम क्रुक्स यांनी मोजून सांगितले की ही डी-३ आहे. २७ वर्षांनी सूर्यावरचे मूलद्रव्य काचेच्या नळीत आले.

यामुळे आवर्तसारणीपुढे अडचण उभी राहिली. मेंडेलीव्ह यांच्या १८६९ च्या सारणीत या वायूंना जागाच नव्हती. आरगॉन हा नायट्रोजनचे तीन अणू जुळून झालेला असावा, असे त्यांनी सुचवूनही पाहिले. पण १८९८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे विजयदुर्गाच्या ग्रहणानंतर काही महिन्यांतच, रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन एकामागून एक वेगळे केले. एक वायू असता तर अपवाद म्हणता आला असता. पाच वायू म्हणजे एक कुटुंब झाले आणि सारणीत शून्य संयुजेचा नवा उभा स्तंभ घालावा लागला. मेंडेलीव्ह यांनीही पुढे तो मान्य केला.

हा स्तंभ कुठे बसला ते पाहण्यासारखे आहे. फ्लोरीन, निऑन, सोडियम हा क्रम घ्या. फ्लोरीन म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात सर्वांत पुढे, सोडियम सहज सोडणारा. दोन टोकांचे स्वभाव सारणीत अगदी जवळ का येतात, हे तोवर कोडेच होते. मध्ये निऑन आल्यावर चित्र स्पष्ट झाले. निऑनचे १० इलेक्ट्रॉन हा एक टप्पा आहे. फ्लोरीनला तिथे पोहोचायला एक कमी पडतो, सोडियमजवळ एक जास्त आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवून दिला होता, त्यामुळे मोजायला काही हाती होते. १९०४ मध्ये आबेग यांच्या लक्षात आले की मूलद्रव्याच्या सर्वांत मोठ्या धन आणि ऋण संयुजांची बेरीज पुष्कळदा आठ भरते. १९१६ मध्ये जर्मनीत कोसेल आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी स्वतंत्रपणे उलगडा केला. दोघांचाही आधार हेच आळशी वायू होते. कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देण्याघेण्यातून तयार होणारे आयन समजावले, तर लुईस यांनी दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेण्याची कल्पना मांडली. लँगम्यूर यांनी १९१९ मध्ये तिचा प्रसार केला आणि ‘अष्टक’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

अष्टकाच्या नियमाबद्दल मात्र शिक्षकांनी थोडे सावध असावे असे मला वाटते. ‘सोडियमला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो’ असे वाक्य वर्गात सहज तोंडी येते. आकडे तसे सांगत नाहीत. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ खर्च येतो. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की परत मिळतात ३.६ च्या आसपास. म्हणजे नुसती देवघेव केली तर दीड इलेक्ट्रॉन व्होल्टचा तोटाच आहे! तो भरून निघतो कुठून? धन सोडियम आणि ऋण क्लोरीन स्फटिकात शेजारी शेजारी रचले गेले की त्यांच्या आकर्षणातून प्रत्येक जोडीमागे सुमारे ८ इलेक्ट्रॉन व्होल्ट सुटतात. मिठाचा खडा या हिशेबावर उभा आहे. कोणाच्या इच्छेचा त्यात संबंध नाही.

मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? दुसरा काढायचा तर ४७.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातला. कोणत्याही स्फटिकाला तो खर्च पेलत नाही. मॅग्नेशियमचे पहिले दोन ७.६ आणि १५.० मध्ये निघतात, तिसरा मागतो ८०. संयुजा एक, संयुजा दोन हे आकडे पाठ करून घेण्याऐवजी हे खर्चाचे आकडे फळ्यावर मांडले तर उडी कुठे आहे ते मुलेच सांगतात. आणि फक्त पकडीवर सगळे ठरते असेही नाही. फ्लोरीनची पकड सोडियमच्या तिपटीहून अधिक, १७.४, आणि तरी तो सर्वांत झोंबणारा. त्याच्या बाहेरच्या कवचात एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी आहे आणि तिथे येणाऱ्यालाही तीच घट्ट पकड मिळते. निऑनकडे काढायला २१.६ लागतात आणि घ्यायला जवळ जागा नाही. नवा इलेक्ट्रॉन लांबच्या तिसऱ्या कवचात बसवावा लागेल, आणि तिथे त्याला धरून ठेवणारे फारसे काही नाही.

हेलियमच्या बाबतीत तर आठ हा आकडा लागूच पडत नाही. त्याचे दोनच. हायड्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन आणि एक रिकामी जागा, म्हणून तो ऑक्सिजनशी भडका घेऊन जोडला जातो. जत्रेत फुगेवाल्याकडे पुष्कळदा हायड्रोजनच असतो, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमच्या तुकड्यांपासून तिथल्या तिथे बनवलेला. असे फुगे उदबत्ती-विडीजवळ नेऊ नयेत आणि त्या टाकीजवळ मुलांना उभे राहू देऊ नये. हेलियमचा फुगा पेट घेत नाही. एका इलेक्ट्रॉनचा फरक आहे, पण तो मुलांच्या चेहऱ्यापाशी असतो म्हणून सांगितला.

पकडीच्या आकड्यांनी पुढे सूर्याकडेही पुन्हा नजर वळवली. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये, कोलकात्यात शिकवत असताना, सूर्यावरच्या तापमानात कोणत्या मूलद्रव्याचा इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटेल याचे सूत्र मांडले. सूर्याच्या वर्णपटात रुबिडियम का दिसत नाही? तो तिथे नाही म्हणून नव्हे, तर त्याचा सैल इलेक्ट्रॉन सुटून गेलेला असतो म्हणून. तुलनेने थंड अशा सौरडागांत तो दिसेल, असे साहा यांनी सांगितले आणि तसा तो सापडला. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी हेच सूत्र वापरून तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असल्याचा निष्कर्ष काढला. तो तेव्हा मान्य झाला नाही, पुढे खरा ठरला.

आळशी वायूंचे कुटुंबही अगदीच अभेद्य निघाले नाही. खाली खाली जावे तशी बाहेरच्या कवचाची पकड सैल होत जाते. हेलियम २४.६, निऑन २१.६, आरगॉन १५.८, क्रिप्टॉन १४.०, झेनॉन १२.१. लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्येच झेनॉनची संयुगे होतील असे म्हटले होते; त्या वेळचे प्रयोग फसले. १९६२ मध्ये व्हँकुव्हरला नील बार्टलेट यांना प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे संयुग ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन ओढून घेते असे दिसले. ऑक्सिजनच्या रेणूची पकड १२.०७ आहे. बार्टलेट यांनी तक्त्यात झेनॉनचा आकडा पाहिला, जवळजवळ तेवढाच. मग दोन्ही वायू एकत्र आणले आणि नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. इतकी वर्षे पाठ्यपुस्तकांत छापलेले ‘कधीच संयोग पावत नाहीत’ हे वाक्य त्या दिवशी रद्द झाले. मराठीत ‘निष्क्रिय वायू’ऐवजी ‘राजवायू’ हा शब्द म्हणूनच अधिक बरा.

राहिला हेलियम. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने हिऱ्यांच्या टोकांमध्ये ११ लाख वातावरणांहून अधिक दाब देऊन त्याचे एक स्थिर संयुग बनवल्याचे जाहीर केले. दुसरे मूलद्रव्य कोणते? सोडियमच. दर दोन सोडियम अणूंमागे एक हेलियम. त्या दाबाखाली सोडियमचे बाहेरचे इलेक्ट्रॉन अणू सोडून स्फटिकातल्या रिकाम्या जागांत जोडीने जाऊन बसतात. हेलियमचे दोन्ही मात्र त्याच्यापाशीच राहतात.